मनोरुग्णालयात परिचारिका नेमके काय करते?

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका काय करते हे कोणाला सांगावे लागत नाही. ती सलाइन लावते, ड्रेसिंग बदलते, ताप आणि रक्तदाब टिपून ठेवते. मनोविकारांच्या वॉर्डात मात्र नातेवाइकांना ती बहुतेक वेळा काहीच करताना दिसत नाही. कधी ती कोणाशी बोलत बसलेली असते, कधी जेवणाच्या वेळी ताटांवर नजर ठेवून उभी असते, तर कधी व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या रुग्णासोबत चार पावले चालत असते. त्यामुळे या कामाविषयी दोन समज रूढ झाले आहेत. हे राखणदारीचे काम असून त्यासाठी दणकट माणूस हवा, हा पहिला. हे मायेचे काम असून त्यासाठी मुळात प्रेमळ स्वभाव हवा, हा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि माझ्या मते दुसरा अधिक नुकसान करतो, कारण स्वभाव शिकवता येत नाही आणि तो कमी पडला तर व्यवस्थेला जाब विचारता येत नाही. मानसिक आरोग्य शुश्रूषा हे कौशल्य आहे. ते टप्प्याटप्प्याने शिकता येते, दुसऱ्याला शिकवता येते आणि तपासताही येते. त्यासाठी पुरेशी माणसे आणि वेळ दिला नाही, तर मात्र त्याची जागा कुलूप, दोरी आणि गुंगीचे इंजेक्शन घेते.

महाराष्ट्रात पुण्यातील येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. एकट्या येरवड्यातच अडीच हजारांहून अधिक मंजूर खाटा आहेत. गोव्यात बांबोळी येथे मनोविकार उपचारांची शासकीय संस्था आहे. याशिवाय वैद्यकीय महाविद्यालयांतील व जिल्हा रुग्णालयांतील छोटे वॉर्ड आणि खासगी रुग्णालये आहेत. यांपैकी कोठेही गेलात तरी एक गोष्ट सारखीच आढळते. मनोविकारतज्ज्ञ राउंडला येतात, प्रत्येक रुग्णाला काही मिनिटे देतात आणि पुढे जातात. चोवीस तास रुग्णाजवळ असतात त्या परिचारिका, परिचारक आणि मामा-मावशी. डॉक्टर ज्या माहितीवर औषधाचा डोस ठरवतात, तिचा मोठा भाग या लोकांच्या डोळ्यांतून आलेला असतो.

पाहणे आणि लिहिणे

म्हणूनच निरीक्षण हे या शुश्रूषेचे पहिले अंग. मधुमेहात रक्त तपासले की आकडा मिळतो. नैराश्याचा किंवा स्किझोफ्रेनियाचा आकडा देणारे यंत्र नाही. रुग्ण किती वाजता झोपला, पहाटे किती वाजता जागा झाला, जेवला का, अंघोळीला स्वतः गेला की ढकलावे लागले, कोणाशी बोलला, एकटा असताना ओठ हलत होते का, घरून फोन आल्यावर चेहरा कसा झाला, या सगळ्यांतून आजाराचे चित्र उभे राहते. हे काम सोपे वाटते, पण केस पेपरवरील नोंदी वाचल्या की ते किती अवघड आहे हे कळते. अनेक ठिकाणी पाळीमागून पाळी एकच वाक्य लिहिलेले असते: ‘रुग्ण शांत आहे, औषध दिले.’ या वाक्यावरून पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीही समजत नाही, कारण उदास माणूस शांत असतो, औषधाने सुस्त झालेला शांत असतो, आणि मनाशी काही ठरवून बसलेला माणूसही शांतच असतो.

याउलट एक चांगली नोंद अशी असू शकते: ‘सकाळच्या नाश्त्याचे पोहे वास घेऊन बाजूला सारले. शेजारच्या रुग्णाच्या ताटातील पोहे मात्र खाल्ले. पाणी स्वतः नळावरून भरून घेतले. दुपारी पाठ भिंतीला लावून बसले होते. विचारल्यावर “इथे बरे वाटते” एवढेच म्हणाले. रात्री दोन ते साडेचार जागे.’ यात एकही तांत्रिक शब्द नाही, निदान नाही, निवाडाही नाही. तरीही अन्नात काही कालवले जात असल्याचा संशय, मागून हल्ला होईल अशी भीती आणि मोडलेली झोप या तिन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हाती लागतात. जे पाहिले तेवढेच लिहावे आणि त्याचा अर्थ आपल्या मनाने लावू नये, हा नियम वर्गात शिकवायला अर्धा तास पुरतो. वीस-पंचवीस रुग्णांच्या नोंदी पाळीच्या शेवटच्या वीस मिनिटांत लिहायच्या असतील तर तो पाळणे जवळजवळ अशक्य होते. पाळी बदलताना तोंडी ‘ओव्हर’, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला, देण्याचेही तसेच आहे. घाईघाईत दिलेला ओव्हर हे मनोरुग्णालयातील अनेक दुर्घटनांचे मूळ असते, आणि पाळी बदलण्याची ती वेळ वॉर्डात सर्वांत कमी लक्ष असण्याचीही असते.

बोलण्याची पद्धत

हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्ये असे मांडले की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच मनोविकार शुश्रूषेतील उपचार आहे. या नात्याला सुरुवात असते, मधला कामाचा काळ असतो आणि विचारपूर्वक केलेला शेवटही असतो. आज हे सर्वमान्य वाटते, पण त्या काळात परिचारिकेने आदेश पाळावेत, कोठडीच्या किल्ल्या सांभाळाव्यात आणि रुग्णाशी कमीत कमी बोलावे अशीच अपेक्षा असे. नाते म्हणजे गोड बोलणे नव्हे, हे समजण्यासाठी एक प्रसंग जवळून पाहू.

रात्री नऊची औषधे वाटली जात आहेत. पन्नाशीतले एक काका गोळी हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात आणि म्हणतात, ‘सिस्टर, यात विष आहे. माझ्या भावाने तुम्हाला पैसे दिलेत.’ अनुभव नसलेली व्यक्ती यावर सहसा तीनपैकी एक उत्तर देते. एक तर ‘काहीतरीच काय बोलता, विष कशाला असेल?’ असा वाद घालते. नाहीतर ‘नाही हो, मी तुमच्या भावाला हाकलून दिले’ असे खोटे बोलून वेळ मारून नेते. किंवा ‘मुकाट्याने घ्या, नाहीतर इंजेक्शन देईन’ अशी धमकी देते. वाद घातल्याने भ्रम अधिक पक्का होतो, कारण तो पुराव्याने तयार झालेला नसतो आणि पुराव्याने जातही नाही. खोटे बोलल्याने भ्रमाला दुजोरा मिळतो आणि उद्या तेच खोटे अंगाशी येते. धमकीने गोळी कदाचित पोटात जाते, पण पुढचे सहा महिने घरी स्वतःहून गोळी घेण्याची शक्यता संपते.

प्रशिक्षित सिस्टर समोर बसते, आवाज खाली ठेवते आणि काहीसे असे बोलते: ‘काका, कोणी विष घालेल अशी भीती वाटत असेल तर गोळी घ्यायला हात धजावणार नाही, हे मला कळते. मला विचाराल तर ही डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आहे, मला यात विष आहे असे वाटत नाही. हे बघा, पाकीट बंद आहे, तुमच्यासमोर फोडते.’ येथे तिने भीती खरी मानली आहे, भ्रमाला होकार दिलेला नाही, आपले मत एकदाच आणि साधेपणाने सांगितले आहे, आणि रुग्णाच्या हाती निर्णयाचा थोडा भाग ठेवला आहे. काकांनी तरीही नकार दिला तर ती अर्ध्या तासाने परत येते. गोळी घेतल्यावर ती गालात किंवा जिभेखाली लपवली नाही ना, हेही पाहते. मात्र तोंड उघडायला लावून चारचौघांत अपमान करत नाही, तर पाणी प्यायला देऊन दोन मिनिटे गप्पा मारते. कानात आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णाबाबतही रीत हीच. ‘तुम्हाला आवाज येतो आहे हे मी मानते, मला तो ऐकू येत नाही, तो काय सांगतो?’ यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आवाज नुसता बडबड करतो की स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देतो, यावर त्या रात्रीची सगळी दक्षता अवलंबून असते.

आपल्याकडे रुग्ण परिचारिकेला सहज ताई म्हणतात, राखी बांधून घेण्यासाठी हात पुढे करतात, आणि या नातेवाचक शब्दांत खरोखरच मोठा आधार असतो. पण त्यांची मर्यादाही सांभाळावी लागते. स्वतःचा फोन नंबर देणे, उसने पैसे देणे-घेणे, एका रुग्णाला लाडका करून ठेवणे किंवा आपल्या घरातल्या अडचणी त्याला सांगणे यामुळे नात्याचा तोल जातो आणि डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाला आणखी एक विरह सोसावा लागतो.

आत्महत्येचा विचार: विचारायचे की टाळायचे?

आत्महत्येविषयी थेट विचारले तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल ही भीती नातेवाइकांत असतेच, पण ती अनेक परिचारिकांतही असते. ही भीती निराधार आहे. शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बहुतेक रुग्णांना कोणीतरी विचारले याने मोकळे वाटते. प्रश्न गोल गोल न फिरवता विचारावा: ‘इतका त्रास होतो तेव्हा जगू नये असे वाटते का? जीव देण्याचा विचार येतो का? काही ठरवले आहे का?’ उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचे, आसपासच्या धोकादायक वस्तू हलवायच्या आणि पुढच्या पाळीला तोंडी व लेखी दोन्ही प्रकारे सांगायचे. ‘कोणाला सांगू नका’ अशी विनंती रुग्णाने केली तर ही माहिती आपण गुप्त ठेवू शकत नाही, हे त्याला तेथेच प्रामाणिकपणे सांगायचे.

येथे दोन काळ विशेष जोखमीचे असतात. गंभीर नैराश्यात उपचार सुरू झाल्यावर काही रुग्णांचे हातपाय आधी चालू लागतात आणि मन मागून सावरते. त्यामुळे ‘आता बरे दिसताहेत’ असे सगळे म्हणू लागतात नेमका तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. दुसरा काळ म्हणजे डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस.

कायद्याचा दृष्टिकोनही येथे बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर भारतीय दंड विधानातील जुन्या कलम ३०९ सारखे कलमच ठेवलेले नाही. अशा रुग्णाला ‘पोलीस केस’ म्हणून टोमणे मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना वरिष्ठांनी हे बदल समोर बसवून सांगण्याची गरज आहे.

राग, हल्ला आणि बांधून ठेवणे

बांधण्याचा प्रश्न या क्षेत्रात सर्वांत वेदनादायक आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या कायद्याने साखळी पूर्णपणे निषिद्ध केली. एकांत कोठडीत डांबण्यास बंदी आली. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच वापरता येते, जेव्हा रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसतो. त्याला उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची मान्यता लागते, कारण, पद्धत आणि कालावधी लिहून ठेवावा लागतो, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते आणि प्रत्येक घटनेचा समावेश मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला दरमहा पाठवायच्या अहवालात करावा लागतो. शिक्षा म्हणून बंधन वापरता येत नाही. आणि बंधनाविषयीच्या या कलम ९७ मध्ये आणखी एक वाक्य आहे, जे मला संपूर्ण कायद्यात परिचारिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटते: केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणास्तव बंधन वापरता येणार नाही.

प्रत्यक्षात काय घडते? रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक-दोन मदतनीस असतात, एक रुग्ण आरडाओरडा करत दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो, आणि त्याच्याजवळ तासभर बसायला कोणीच मोकळे नसते. अशा वेळी हातात दोरी किंवा इंजेक्शन घेणाऱ्या परिचारिकेला क्रूर ठरवणे सोपे आहे. पण कायदा पाळण्याची साधने तिला कोणी दिली नव्हती हेही तितकेच खरे आहे. म्हणून बंधनाच्या प्रत्येक नोंदीबरोबर त्या पाळीला किती रुग्ण आणि किती कर्मचारी होते हेही लिहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. त्याने जबाबदारी योग्य ठिकाणी पोहोचते.

मनुष्यबळ आहे तेवढेच असतानाही बरेच काही करता येते, याचाही पुरावा आहे. इंग्लंडमध्ये लेन बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत ३१ वॉर्डांत तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भांडणे, आक्रमकता, स्वतःला इजा करणे यांसारखे प्रसंग १५ टक्क्यांनी घटले आणि बंधन, कोंडणे, सक्तीचे औषध यांसारखे उपाय २६.४ टक्क्यांनी. यातील उपाय ऐकले तर इतके साधे वाटतात की त्यांचा परिणाम होईल यावर विश्वास बसत नाही: वॉर्डाचे नियम रुग्ण व कर्मचारी यांनी मिळून ठरवणे, नकार द्यायचा असेल तर तो मऊ शब्दांत आणि कारणासह देणे, ओव्हर देताना प्रत्येक रुग्णाविषयी एक तरी चांगली गोष्ट सांगणे, वॉर्डात गोंधळ होऊन गेल्यावर घाबरलेल्या इतर रुग्णांपाशी जाऊन धीर देणे.

त्यातील एक उपाय आपल्या वॉर्डांना तंतोतंत लागू पडतो. रुग्णाला वाईट बातमी केव्हा मिळणार आहे हे आधी हेरायचे आणि त्या क्षणी त्याच्याजवळ असायचे. आपल्याकडे ही वाईट बातमी बहुधा भेटीच्या दिवशी येते. सकाळपासून केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून फाटकाकडे पाहत बसलेल्या तरुणाच्या घरून दुपारपर्यंत कोणीच येत नाही. संध्याकाळी चहा गार आहे म्हणून तो पेला भिरकावतो. नोंदवहीत ‘रुग्ण अचानक आक्रमक झाला’ असे लिहिले जाते, पण त्यात अचानक असे काही नव्हते; दुपारी दोन वाजता कोणी त्याच्या शेजारी बसून ‘आज आई येणार होती ना, वाट पाहून कंटाळलास का?’ असे विचारले असते, घरी एक फोन लावून दिला असता, तर त्या संध्याकाळी इंजेक्शन लागले नसते अशी दाट शक्यता आहे.

राग चढू लागलेल्या माणसाला शांत करण्याचेही तंत्र आहे. गर्दी हटवायची, एकानेच बोलायचे, एक हात नव्हे तर दोन-तीन हात अंतर ठेवायचे, समोरासमोर न उभे राहता किंचित तिरके उभे राहायचे, दार मोकळे ठेवायचे, वाक्ये छोटी ठेवायची आणि शक्य तेथे निवड द्यायची: ‘बाहेर व्हरांड्यात बसून बोलायचे की खोलीत?’ याउलट ‘शांत व्हा’ असे दहा वेळा ओरडून सांगितल्याने कोणीही शांत झालेले नाही.

परिचारिकेलाही मार बसतो, चावे बसतात, घाणेरडे शब्द ऐकावे लागतात, आणि ‘या वॉर्डात हे चालायचेच’ म्हणून तिचे दुःख झटकले जाते. हे चालू देता कामा नये. प्रत्येक घटनेनंतर संबंधित सर्वांनी एकत्र बसून, दोष न देता, काय घडले आणि कोठे वेगळे वागता आले असते हे बोलणे ही चांगल्या वॉर्डाची खूण आहे. जिला मार बसला तिची वैद्यकीय तपासणी, गरज असल्यास रजा आणि मनातले बोलण्यासाठी माणूस हा तिचा हक्क आहे.

शरीराकडे दुर्लक्ष नको

गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षे लवकर मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यामागे आत्महत्या हे एक कारण आहे, पण हृदयविकार, मधुमेह आणि संसर्ग यांचा वाटा मोठा आहे. छातीत दुखते असे म्हणणाऱ्या रुग्णाला ‘हा नेहमीच काहीतरी सांगतो’ म्हणून परत पाठवले जाते. सर्वसाधारण रुग्णालयातील कर्मचाऱ्यांकडून तर हे सर्रास घडते. म्हणून मनोविकार वॉर्डातील परिचारिकेला शरीराची शुश्रूषा इतरांपेक्षा कमी नव्हे, तर अधिक चांगली यावी लागते.

औषधांचे दुष्परिणाम सर्वांत आधी तिच्याच नजरेला पडतात. नवे औषध सुरू झालेल्या एखाद्या तरुणाची मान अचानक एका बाजूला वळते, डोळे वर फिरून स्थिर होतात, जबडा आखडतो. भेटीला आलेली आजी म्हणते, ‘अंगात आलंय त्याच्या.’ प्रत्यक्षात ही काही मनोविकारविरोधी औषधांनी स्नायूंत येणारी पीळ असते आणि डॉक्टरांना त्वरित कळवल्यास योग्य औषधाने ती थोड्याच वेळात सुटते. आजीला रागावण्याऐवजी हे समजावून सांगितले, तर घरी औषध बंद पडत नाही. तीव्र ताप, लाकडासारखे ताठ झालेले अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला तर मात्र तो जिवावरचा प्रसंग असतो. तेथे ताप उतरण्याची वाट पाहत थांबता येत नाही.

मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम हे औषध घेणाऱ्या रुग्णाबाबत नागपूरचा मे महिना हा स्वतंत्र धोका आहे. घाम, जुलाब, उलटी किंवा कडक उपवास यांमुळे शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते. हाताला जाडसर कंप, पावले लटपटणे, उलट्या आणि बोबडे बोलणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. परिचारिकेने ती पाहिली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचे असते. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरील औषध घेणाऱ्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला करतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, हे विसरले जाते. ‘आज शौचाला झाले का?’ हा रोजचा प्रश्न म्हणूनच टाळायचा नसतो. विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याने ती एकदम सोडली, जसे वॉर्डात दाखल झाल्यावर होते, तर क्लोझापिन आणि त्याच गटातील ओलान्झापिनचे रक्तातील प्रमाण वाढते, कारण धुरातील घटकांमुळे यकृत ही औषधे लवकर मोडते आणि धूर थांबला की तो वेग मंदावतो. मिश्री आणि तंबाखू चघळणाऱ्यांत हा परिणाम होत नाही. त्यामुळे ‘व्यसन आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही, कोणते आणि कसे, हे विचारावे लागते. दारू अचानक बंद झाल्यावर दोन ते चार दिवसांत थरथर, घाम आणि भिंतीवर किडे दिसणे सुरू झालेल्या रुग्णाला कोणी ‘वेडाचा झटका’ म्हटले, तर तेथेही जीव जाऊ शकतो.

शिक्षण, बदल्या आणि कलंक

आपल्याकडील बीएस्सी नर्सिंगमध्ये मानसिक आरोग्य हा विषय आहे आणि भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेली मनोविकार शुश्रूषेतील एक वर्षाची पदविकाही आहे. तरीही २०१७ च्या कायद्यातील व्याख्येनुसार सर्वसाधारण नर्सिंगची पदविका असलेली नोंदणीकृत व्यक्तीही मानसिक आरोग्य परिचारिका ठरते. मनुष्यबळाचा तुटवडा पाहता ही तडजोड समजण्यासारखी आहे, पण तिचा परिणाम असा होतो की काल बालरोग विभागात असलेली अधिपरिचारिका आज बदलीने मनोरुग्णालयात येते आणि पहिल्याच आठवड्यात तिला रात्रपाळीत एकटीला उभे केले जाते. तिची भीती स्वाभाविक आहे, आणि घाबरलेला माणूस लवकर कुलपाकडे वळतो. नव्याने आलेल्या प्रत्येकीला पहिले काही आठवडे अनुभवी परिसेविकेच्या हाताखाली ठेवणे, रागावलेल्या रुग्णाशी बोलण्याचा सराव नाट्यरूपाने करून घेणे आणि महिन्यातून एकदा अवघड रुग्णांविषयी बोलायला बैठक घेणे यासाठी मोठा निधी लागत नाही. पदविका पूर्ण करून आलेल्या परिचारिकेची वर्षभरात प्रसूती विभागात बदली करण्यासारखा अपव्यय मात्र तातडीने थांबवायला हवा.

कलंक रुग्णांपुरता थांबत नाही. ‘वेड्यांच्या हॉस्पिटलात नोकरी’ हे स्थळे पाहताना आजही लपवले जाते, आणि इतर विभागांतील सहकारीच ‘तुम्हाला काय, नुसते बसायचे काम’ असे म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले आणि बहुतेक विकारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. एवढी मोठी गरज मनोविकारतज्ज्ञांच्या तुटपुंज्या संख्येवर भागणार नाही. प्रशिक्षित परिचारिकांशिवाय दुसरा व्यवहार्य मार्ग मला तरी दिसत नाही.

डिस्चार्ज आणि त्यानंतर

चांगल्या वॉर्डात डिस्चार्जची तयारी दाखल झाल्याच्या आठवड्यातच सुरू होते. घरी औषध कोण देणार, ते जवळ कोठे मिळते, झोप मोडणे किंवा संशय वाढणे अशी आजार उलटण्याची पहिली खूण या रुग्णात कोणती होती, आणि ती दिसली तर कोणाला फोन करायचा, हे रुग्ण आणि घरचे यांच्यासोबत बसून एका कागदावर मराठीत लिहून द्यावे लागते. त्यावर टेलिमानस या शासकीय हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असावा. ‘गोळ्या घेऊन सुस्ती येते’ असे रुग्ण म्हणाला तर ‘नाटके करतो’ न म्हणता डॉक्टरांना सांगा, हे भावाला आणि वहिनीला आधीच समजावलेले बरे; औषधे सुटण्यामागे दुष्परिणाम आणि घरातले टोमणे ही दोन कारणे वारंवार आढळतात. पहिल्या आठवड्यात परिचारिकेने स्वतः एक फोन करावा.

ज्यांना न्यायला कोणी येतच नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. आजार आटोक्यात येऊनही वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेली माणसे चारही प्रादेशिक रुग्णालयांत आहेत. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे कायद्याचे कलम १९ सांगते, आणि त्यांच्यासाठी पुनर्वसनगृहे उभारण्याची जबाबदारी शासनाची आहे. परंतु वीस वर्षे घंटेवर जेवलेल्या माणसाला नुसते खोलीची किल्ली देऊन भागत नाही. त्याला एसटीचे तिकीट काढणे, मोबाइल वापरणे, बँकेतून पैसे काढणे, भाजी निवडून आमटी करणे, स्वतःची गोळी स्वतः मोजून घेणे हे पुन्हा शिकवावे लागते, आणि हे शिकवणे हीच त्या टप्प्यावरील शुश्रूषा असते. आपले कपडे घालण्याचा, सक्तीने डोके न भादरले जाण्याचा आणि केलेल्या कामाचा मोबदला मिळण्याचा हक्क कायद्याने त्याला वॉर्डातच दिलेला आहे. बाहेरच्या आयुष्याची तयारी तेथूनच सुरू करता येते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात परिचारिकेचे पद असते. त्या पदावरील व्यक्तीला केवळ ओपीडीत नावे लिहून घ्यायला बसवू नये. तिला आठवड्यातील ठरावीक दिवस गृहभेटींसाठी मोकळे द्यावेत, जायला वाहन द्यावे, आणि प्रादेशिक रुग्णालयातून जिल्ह्यात परतलेल्या प्रत्येक रुग्णाचा कागद त्याच आठवड्यात तिच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी.